पंचाहत्तर रुपयांचा शेअर

नागपूरचा अजबबंगला तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेच्या सहलीत पाहिला असेल. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी दोराबजी टाटा तिथे शिरले ते निव्वळ वेळ काढायला. चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याचा नाद सोडतो आहोत, हे सांगायला ते सरकारी कचेरीत आले होते आणि ज्यांना भेटायचे ते साहेब जागेवर नव्हते. लोहाऱ्याचे खनिज चांगले, पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कामाचा नव्हता. संग्रहालयात मध्य प्रांताचा भूस्तर दाखवणारा नकाशा होता. त्यात दुर्ग जिल्ह्यावर लोखंडाची खूण म्हणून गडद रंग दिलेला. तेच धल्ली-राजहराचे डोंगर!

तिथेही जमले नाही. लोखंडाचा दगड पुष्कळ ठिकाणी सापडतो, पण तो वितळवायचा तर योग्य कोळसा आणि बारमाही पाणी आवाक्यात लागते. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी २४ फेब्रुवारी १९०४ च्या पत्रात मयूरभंज संस्थानातल्या गोरुमहिसानी डोंगराकडे लक्ष वेधले. झरियाचा कोळसा तिथून त्या मानाने जवळ. कारखाना अखेर साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला गेला. धल्ली-राजहराचा दगड पुढे १९५९ साली सुरू झालेल्या भिलाईच्या कामी आला. कारखाना आपल्या बाजूला झाला असता तर, असे मला अजून वाटते. असो.

जमशेटजी मे १९०४ मध्येच गेले. लंडनमध्ये भांडवल जमेना, तेव्हा मुलांनी इथल्याच लोकांकडे मागायचे ठरवले. २६ ऑगस्ट १९०७ ला कंपनी नोंदली गेली. साधा शेअर ७५ रुपयांचा, प्रेफरन्स १५० चा, डिफर्ड ३० चा. एकूण २ कोटी ३१ लाख ७५ हजार. तीन आठवड्यांत सुमारे ८,००० लोकांनी ते उचलले. वंगभंगानंतरची स्वदेशीची हवा होती. आपल्या अमरावतीचे रंगनाथ नरसिंह मुधोळकर त्या काळी औद्योगिक परिषदेचे काम पाहत होते.

हे सगळे आत्ता आठवायला कारण अकोल्याचा भाचा. माझ्याकडे एका छोट्या लोहखनिज कंपनीचे थोडे शेअर आहेत. "मामाजी, भाव पडला आहे, अजून घेऊन टाका नं!" असा त्याचा रोज फोन.

मी त्याला म्हटले, त्या ७५ रुपयांच्या विटा झाल्या, भट्टी झाली, १६ फेब्रुवारी १९१२ ला पोलाद निघाले. मी बाजारातून शेअर घेतला तर पैसा आधीच्या मालकाच्या खिशात जाणार, खाणीत एक कुदळही जास्त पडणार नाही. शिवाय त्या ८,००० जणांनी पुढे काय सोसले तेही बघ. १९२४ मध्ये पगाराला पैसे नव्हते. दोराबजींनी स्वतःची मालमत्ता आणि बायकोचे दागिने गहाण टाकले, सरकारने संरक्षक जकात लावली, तेव्हा कंपनी तगली. आमच्या छोट्या कंपनीला असा कोण धनी? खाण एकच, भट्टी नाही, आणि दगडाचा भाव ठरतो चीनच्या मागणीवर.

म्हणून आहेत ते ठेवायचे, नवे घ्यायचे नाहीत. उद्या कंपनीने स्वतःच नवे भांडवल मागितले आणि ते कशाला लागणार हे नीट सांगितले, तर पेन्शनीतून बघू. भाच्याला काही पटले नाही. त्याने स्वतःसाठी पन्नास घेतले.