ममीवरील चित्रित आच्छादने : श्रद्धा, कला आणि संशोधनाची किंमत

प्रस्तावना :
प्राचीन इजिप्तच्या अंत्यविधींचा विषय निघताच पिरॅमिड आणि राजांचे सुवर्णमुखवटे डोळ्यांसमोर येतात. राजघराण्याबाहेरील मृतांच्या देहावर घातल्या जाणाऱ्या चित्रित आच्छादनांकडे त्या मानाने कमी लक्ष जाते. प्रस्तुत लेखात या आच्छादनांचे स्वरूप, त्यांमागील धर्मकल्पना आणि त्यांच्या अभ्यासातून उद्भवलेला जतनाचा प्रश्न यांचा विचार केला आहे.

स्वरूप व धर्मकल्पना :
लिननच्या कापडाचे थर एकमेकांवर चिकटवून, त्यांवर चुन्यासारखा पांढरा लेप देऊन व तो रंगवून जे कवच तयार होते त्यास 'कार्टोनाज' म्हणतात. पहिल्या संक्रमणकाळात (सुमारे इ.स.पू. २१६० ते २०५५) या पद्धतीचे मुखवटे आढळू लागतात. पुढे बाविसाव्या राजवंशाच्या काळात संपूर्ण देह झाकणारी कवचे प्रचलित झाली. टॉलेमी काळात मुखवटा, छातीवरील पट्टा, पायांवरील पट्टा व पादत्राण असे सुटे भाग बनू लागले.

ही चित्रे केवळ शोभेसाठी नव्हती. देवांची कांती सोन्याची असते, या समजुतीमुळे मुखवट्यास सोनेरी रंग अथवा सोन्याचा वर्ख दिला जाई. पंख पसरलेली देवी, शवाची सिद्धता करणारा आनुबिस आणि शोकाकुल आयसिस व नेफ्थिस यांच्या चित्रांमुळे मृत व्यक्ती ओसायरिसप्रमाणे पुनर्जन्म पावेल, अशी श्रद्धा होती.

रोमन काळातही ही श्रद्धा टिकून राहिली. हवारा येथे सापडलेली व सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये असलेली आर्टेमिडोरसची ममी याचे बोलके उदाहरण आहे. नाव व निरोपाचा लेख ग्रीक, मुखचित्राची शैली रोमन, तर तांबड्या कवचावरील सोनेरी देवदेवता इजिप्शियन, असा तीन संस्कृतींचा संगम एकाच देहावर दिसतो.

जतनाचा प्रश्न :
इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून कार्टोनाजसाठी लिननऐवजी टाकाऊ पपायरसचाही वापर होऊ लागला. फ्लिंडर्स पेट्री यांना १८८९-९० मध्ये गुरोब येथे मिळालेल्या अशा कवचांतून प्लेटोच्या 'फीडो' या संवादाचे व युरिपिडीसच्या 'अँटिओपी' या नाटकाचे अंश हाती आले. कवी पोसिडिप्पस याच्या शंभरहून अधिक लघुकविता असलेली, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली गुंडाळीही ममीच्या आच्छादनातूनच मिळाली. ग्रीक साहित्याच्या इतिहासात या शोधांचे मोल मोठे आहे. तथापि थर सुटे करण्यासाठी कवच भिजवावे लागे व त्यात अनेकदा वरील चित्र कायमचे नष्ट होई. ज्या वस्तूवर मृताची पुनर्जन्माची आशा रेखाटली होती, तिला केवळ रद्दीचे वेष्टन मानले गेले. अलीकडे विविध तरंगलांबींच्या प्रकाशात छायाचित्रे घेऊन आतील अक्षरे वाचण्याचे प्रयोग होत आहेत. मात्र खोलवरच्या थरांतील मजकूर वाचणे अद्याप कठीण आहे.

निष्कर्ष :
चित्रित आच्छादन हे एकाच वेळी धर्मविधीचे साधन, कलाकृती आणि दस्तऐवजांचा साठा असते. यांपैकी एका अंगासाठी दुसऱ्याचा बळी देणे म्हणजे पुढील पिढ्यांच्या हातून पुरावा काढून घेणे होय. न वाचलेले पपायरस उद्या वाचता येतील. विरघळलेले चित्र मात्र पुन्हा मिळणार नाही. म्हणून या वस्तूंच्या अभ्यासात संयम हीदेखील संशोधनपद्धतीच मानली पाहिजे.