उतारू की खलाशी?

एप्रिल १९१२ संपता संपता स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीज गावी अँड्र्यू ह्यूम यांच्या नावे लिव्हरपूलहून एक पत्र आले. पंधरवड्यापूर्वीच त्यांचा एकवीस वर्षांचा व्हायोलिनवादक मुलगा जॉक ‘टायटॅनिक’बरोबर बुडाला होता. पत्रात सांत्वनाचा शब्द नव्हता. मुलाच्या गणवेशापोटी चौदा शिलिंग आणि वर काही पेन्स येणे आहेत, ते पाठवावेत, असे सी. डब्ल्यू. अँड एफ. एन. ब्लॅक या वादक पुरवणाऱ्या एजन्सीने कळवले होते.

जहाजावरच्या संगीताचा अभ्यास करावासा वाटतो असे सांगत कोणी आले, की मी पहिल्यांदा या पत्राची गोष्ट सांगतो. बुडत्या जहाजावर अखेरपर्यंत वाजवत राहिलेले आठ वादक सगळ्या जगाला ठाऊक आहेत. त्यांच्यावर पुस्तके निघाली, सिनेमे झाले. त्यांचा म्होरक्या वॉलेस हार्टली याच्या अंत्ययात्रेला लँकशायरमधल्या कोल्न गावात हजारो माणसे लोटली. पण हे आठ जण कोणाचे नोकर होते, हा साधा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. ते दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर प्रवास करत होते. जहाज कंपनी म्हणे, ते आमचे उतारू. वादक पुरवण्याचा मक्ता ब्लॅक एजन्सीकडे गेल्यावर महिन्याचा पगार साडेसहा पौंडांवरून चारवर आला होता आणि गणवेशाचा खर्चही वादकाच्याच माथी पडला होता. घरच्यांनी कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली, तेव्हा तो दावा कोर्टात टिकला नाही. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी उभे राहून, कंपनीच्या यादीतल्या साडेतीनशे गाण्यांपैकी मागतील ते वाजवणारा माणूस कायद्याच्या लेखी सहलीला निघालेला प्रवासी ठरला.

वादक उतारू की खलाशी, हा प्रश्न या विषयाच्या उंबरठ्यावरच उभा आहे. माझ्या मते तो ओलांडल्याशिवाय आत जाता येत नाही. संगीताच्या इतिहासकारांनी या वादकाकडे पाठ फिरवली, कारण तो दुसऱ्यांची गाणी वाजवतो. नौकानयनाच्या इतिहासकारांनीही त्याला वगळले, कारण तो दोर ओढत नाही की इंजिन चालवत नाही. त्यामुळे तो दोन्हीकडच्या वह्यांतून निसटला. डेव्हिड कॅशमन आणि फिलिप हेवर्ड या अभ्यासकांचा ‘क्रूझिकॉलॉजी’ हा ग्रंथ २०२० साली आला आणि क्रूझ जहाजांच्या संगीतजीवनाला अभ्यासाचे रीतसर नाव मिळाले. ते नाव मला जरा अवघडलेले वाटते. ग्रंथ मात्र मोलाचा आहे.

आधी काम काय असते ते पाहू. मोठ्या क्रूझ जहाजाच्या थिएटरात एक वाद्यवृंद नेमलेला असतो: ट्रंपेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन, कीबोर्ड, गिटार, बास, ड्रम्स. एखादा पाहुणा गायक एका बंदरात चढतो, दुपारी आपल्या गाण्यांचे ‘चार्ट’ वाटतो, एक तालीम होते आणि रात्री दोन खेळ. समोर आलेला कागद पहिल्याच नजरेत वाजवता आला नाही, तर या नोकरीत निभाव लागत नाही. नाचाच्या कार्यक्रमांत कानात ‘क्लिक’ वाजत असतो. दिव्यांचे आणि नर्तकांचे सगळे हिशेब त्या टकटकीशी बांधलेले असतात, म्हणून समेवर येण्याची मुभा नसते, यावेच लागते. समुद्र खवळला तर उभ्याने वाजवणारा पाय फाकवून तोल धरतो. हवेतला खार आणि खोल्यांतला एसी यांच्या कात्रीत लाकडी वाद्यांचे हाल होतात. दुसरीकडे पोहण्याच्या तलावाजवळ पार्टी बँड, एखाद्या कोपऱ्यात गिटारवाला, पियानो बारमध्ये फर्माइशी झेलणारा एकटा गायक. यांना कागदाची गरज कमी, पण शेकडो गाणी तोंडपाठ लागतात. फिलिपिन्सच्या वादकांनी या कामात पिढ्यानपिढ्या नाव कमावले आहे.

रात्री काम संपले की हा माणूस खाली उतरतो. खाली म्हणजे बहुधा पाण्याच्या पातळीजवळच्या, बिनखिडकीच्या केबिनमध्ये. एकावर एक दोन बिछाने, सोबतीला दुसऱ्या देशाचा, दुसऱ्या भाषेचा कोणी. कर्मचाऱ्यांचा लांबच लांब मुख्य बोळ अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर ‘आय-नाइन्टीफाइव्ह’ म्हणून ओळखला जातो, तिकडच्या एका महामार्गावरून. पण याच वादकाला, नीट कपडे घातले आणि छातीवर नावाची पट्टी लावली, तर अनेक जहाजांवर वरच्या डेकवर उतारूंमध्ये फिरता येते, त्यांच्या जेवणघरात ताट वाढून घेता येते. त्याच्या शेजारच्या केबिनमधल्या वेटरला ही सवलत नसते. आणि धोक्याच्या सरावाची घंटा वाजली, की तोच वादक लाइफ जॅकेट चढवून आपल्या ठरल्या जागी उभा राहतो, उतारूंना रांगेत लावतो. जहाजावर जाण्याआधी आग विझवणे, पाण्यात तग धरणे, प्रथमोपचार यांचे प्रशिक्षण त्याने घेतलेले असते. १९१२चा तो प्रश्न अजून जहाजावर राहतो, तो असा: दिवसातून चारदा त्याचे उत्तर बदलते.

काही जण म्हणतात की आठवड्याला उतारू बदलतात, गाणी तीच राहतात, मग यात कला कुठे? या आक्षेपाला मराठी वाचकाने तरी भुलू नये. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांनी एकेका नाटकाचे किती प्रयोग केले! गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला अहमदजान थिरकवाँसारखा तबलजी बसत असे. तीच पदे, तोच पडदा. त्यामुळे थिरकवाँ लहान झाले असे कोणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

जहाज ही वादकाची शाळाही होती. मिसिसिपी नदीवर स्ट्रेकफस कंपनीच्या आगबोटी सहलींसाठी फिरत, आणि त्यांवर फेट मॅरेबल या कडक शिस्तीच्या बँडमास्तरच्या हाताखाली १९२०च्या आसपास लुई आर्मस्ट्राँग नावाचा तरुण कॉर्नेट वाजवत होता. कानाने तो अफाट होता, पण स्वरलिपी वाचण्यात कच्चा. ते वाचन त्याने बोटीवर, सोबतच्या वादकांकडून पक्के केले. मॅरेबलच्या बँडला वादक आपसात ‘कॉन्झर्व्हेटरी’ म्हणत. या शाळेची काळी बाजूही नोंदवली पाहिजे. वाजवणारे कृष्णवर्णीय, नाचणारे बहुतेक रात्री केवळ गोरे. सेंट लुईसला कृष्णवर्णीय उतारूंसाठी सोमवारची रात्र वेगळी ठेवलेली असे. जाझच्या इतिहासात न्यू ऑर्लिन्सहून शिकागोला जाणाऱ्या वाटेचे वर्णन होते, तेव्हा या बोटींना एखाद-दुसरी ओळ मिळते. मला ती फार अपुरी वाटते.

दुसरे उदाहरण अटलांटिकवरचे. १९३५पासून वीस वर्षे ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातल्या वादकांच्या हद्दीच्या भांडणामुळे अमेरिकी बँडना ब्रिटनमध्ये जवळजवळ बंदी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी नवे काही वाजवत होते आणि लंडनच्या तरुणांना ते फक्त तबकड्यांवर ऐकायला मिळत होते. तेव्हा जेराल्डो या बँडमास्तरमार्फत कुनार्ड कंपनीच्या प्रवासी जहाजांवर वादकांची भरती होई. त्या मंडळींना ‘जेराल्डोज नेव्ही’ हे नाव पडले. रॉनी स्कॉट आणि जॉनी डँकवर्थ ‘क्वीन मेरी’वर गेले ते याच वाटेने. समुद्रावर उतारूंसाठी वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉट वाजवायचे, आणि जहाज न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागले की बावन्नाव्या रस्त्यावरचे क्लब गाठायचे. रॉनी स्कॉटने १९५९मध्ये लंडनला काढलेला क्लब त्या रात्रींच्या ओढीतून आला. सरकारी नियमाने अडवलेले संगीत इंग्लंडात शिरले, ते पगारी वादकाच्या कानातून. संगीताच्या प्रवासाचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या पारोकियाल शाळांतून गोव्याच्या गावागावांत मुले सोल्फेजो, म्हणजे स्वरलिपी गाऊन वाचणे, आणि व्हायोलिन शिकली. कागद वाचणारी ही बोटे पुढे मुंबईत आली: हॉटेलांच्या जाझ बँडमध्ये, मूकपटांच्या थिएटरांत, मग सिनेमाच्या स्टुडिओत. ग्रेगरी बूथ यांनी २००८मध्ये फिल्मी वाद्यवृंदांवर आणि नरेश फर्नांडिस यांनी २०१२मध्ये मुंबईच्या जाझवर जे लिहिले, त्यामुळे हॉटेल आणि स्टुडिओ या दोन खोल्यांत उजेड पडला. तिसरी खोली, जहाज, अजून अंधारातच आहे. सिंथेसायझर आणि नव्या ध्वनिमुद्रण पद्धतीमुळे स्टुडिओत शंभर वादकांची गरज उरली नाही. मग हाताला काम शोधणाऱ्यांपैकी काहींनी आखातातली हॉटेले धरली, काहींनी जहाजे. आज मडगाव-म्हापशाकडच्या कित्येक घरांत ‘तो बोटीवर आहे’ या वाक्याचा अर्थ तो स्वयंपाकघरात आहे असा होतो, केबिन सांभाळतो असा होतो, आणि गिटार वाजवतो असाही होतो.

गोंयकार दर्यावर्द्याला कोकणीत तारवटी म्हणतात. तारवट्यावर तियात्रे, म्हणजे कोकणी नाटके झाली, कांतारां, म्हणजे गाणी झाली. त्याच्या वाटेकडे डोळे लावलेली बायको हे तर त्या रंगभूमीचे ठरलेले पात्र. एक बोट सुटली आणि दुसरी मिळायची आहे, अशा मधल्या दिवसांत मुंबईत धोबी तलावाच्या आसपास गावागावांचे ‘कूड’ त्याला खाट आणि पेटी ठेवायला जागा देत. दर्यावर्द्यांच्या इतिहासासाठी कुडांकडे अभ्यासक वळले आहेत. त्याच खोल्यांत सॅक्सोफोनच्या पेट्याही होत्या, हे ध्यानात घेऊन कोणी तिथे पुन्हा गेले पाहिजे.

उतारू की खलाशी, या प्रश्नाला समुद्रानेही आपली उत्तरे दिली आहेत. ४ ऑगस्ट १९९१ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या वाइल्ड कोस्टपाशी ‘ओशियानोस’ हे जहाज बुडाले. उतारू अजून जहाजावर असताना कॅप्टन निघून गेला होता. मॉस हिल्स हा जहाजावरचा गिटारवादक आणि करमणूक विभागातले त्याचे सहकारी यांनी लोकांना गोळा केले, होड्यांत चढवले, ब्रिजवर जाऊन मदतीचा संदेश पाठवला. पलीकडून त्याचा हुद्दा विचारला गेला, तेव्हा त्याने आपण गिटारवादक असल्याचे सांगितले. जहाजावरचे सर्व ५७१ जण वाचले. जानेवारी २०१२मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडले. तिथे एका हंगेरियन व्हायोलिनवादकाने रडणाऱ्या मुलांना लाइफ जॅकेट चढवायला मदत केली. त्यानंतर तो आपले व्हायोलिन आणायला केबिनकडे गेला, असे त्याच्या सहकाऱ्याने सांगितले. तो परतला नाही.

कायद्याचे उत्तर उशिरा आले. २००६च्या सागरी कामगार करारनाम्याने जहाजावर कोणत्याही स्वरूपाचे काम करणाऱ्याला दर्यावर्दी मानले, चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती ठरवून दिली. हा करारनामा ऑगस्ट २०१३पासून लागू झाला आणि भारताने तो २०१५मध्ये स्वीकारला. जॉक ह्यूमच्या वडिलांना आलेल्या पत्रानंतर शंभर वर्षे उलटली होती. कागदावरचा हा हक्क प्रत्यक्ष केबिनपर्यंत किती पोहोचतो, हे पाहणे हेच पुढच्या अभ्यासकाचे काम आहे. मार्च २०२०मध्ये जगभरची क्रूझ जहाजे थांबली, उतारू उतरले, आणि कितीतरी वादक रिकाम्या जहाजांवर महिनोन्महिने घरी परतण्याची वाट पाहत राहिले. त्या दिवसांच्या आठवणी अजून ताज्या आहेत. त्या आत्ताच टिपून घ्यायला हव्यात.

या क्षेत्रात येणाऱ्या मराठी-कोकणी अभ्यासकाचे मी मनापासून स्वागत करतो. संगीत येत नसले तरी चालेल. कॉन्ट्रॅक्ट वाचता आले पाहिजे, आणि म्हाताऱ्या माणसाशेजारी घाई न करता बसता आले पाहिजे. जुन्या चार्टांच्या समासांत पेन्सिलीने केलेल्या खुणा नीट पाहा. इथे दोन आवर्तने गाळा, इथे गायिकेसाठी थांबा, इथे जहाज फार हलते. एकाच कागदावर पाच वादकांची अक्षरे सापडतील. बँडचे फोटो उलटे करून मागची नावे वाचा. आणि गोव्यात, वसईत, मुंबईत ज्यांच्या घरात कोणी बोटीवर वाजवून आले आहे, त्यांना माझी विनंती आहे: त्यांची सीडीसीची, म्हणजे दर्यावर्दी नोकरीच्या नोंदींची पुस्तिका, कॉन्ट्रॅक्टे, गाण्यांच्या याद्या, बंदरांतून टाकलेली पोस्टकार्डे रद्दीत घालू नका. ते वादक हयात असतील, तर कागदांच्या आधी त्यांच्याकडे जा.