वाजवता न येणाऱ्याची गिटार

कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. त्यांना गिटार वाजवता येत नसे. वादकांच्या हाती नमुने देऊन ते त्यांच्या तक्रारी मात्र मनापासून ऐकत.

पोकळ गिटारीचा आवाज ध्वनिवर्धकातून वाढवला की तिची पोकळीच घुमू लागे व कर्कश शिटी उठे. १९५० साली फेंडर यांनी भरीव लाकडाची विजेची गिटार बाजारात आणली आणि तो दोष बराच आटोक्यात आला. प्रतिस्पर्ध्यांनी तिला ‘होडीचे वल्हे’ म्हणून हिणवले. तिचा दांडा सरसाने न चिकटवता चार स्क्रूंनी बसवलेला होता. बिघडला तर बदलावा, हा दुरुस्ती करणाऱ्याचाच विचार! १९५१ मध्ये तिला टेलिकास्टर हे नाव मिळाले. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली.

मिशिगनच्या गिब्सन कंपनीची लेस पॉल गिटार १९५२ ची, जुन्या कारागिरीची. खप घटल्याने तिचा मूळ घाट १९६१ च्या सुमारास बंद झाला. पुढे इंग्लंडचे एरिक क्लॅप्टन १९६६ च्या एका ध्वनिमुद्रिकेत तीच टाकून दिलेली गिटार वाजवताना ऐकू आले, मागणी वाढली आणि १९६८ साली कंपनीला ती पुन्हा घडवावी लागली. ग्राहकापेक्षा कारखानदारच कधी कधी उशिरा शहाणा होतो.

फेंडर यांनी १९६५ साली आपली कंपनी सीबीएसला विकली. नंतर दर्जा ढासळल्याची ओरड झाली. जाणकार आजही ‘पासष्टपूर्वीची’ गिटार शोधतात. १९८५ साली तिथल्याच काही अधिकाऱ्यांनी गुंतवणूकदारांसह कंपनी विकत घेतली. टेलिकास्टर अजून बनते, आणि तिचा दांडाही स्क्रूंनीच बसवतात.