देसाईगंजची मुलगी आणि चार अभ्यासकांचे पत्र

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असे भगिनींनी सांगितले, तेव्हा राजेरजवाड्यांपेक्षा एका मजूर मुलीचा इतिहास सांगावा असे मनात आले. तो फार जुना नाही, आणि आपल्या सिल्लोडाहून लांबचा असला तरी आपल्याच महाराष्ट्रातला आहे.

२६ मार्च १९७२ ची रात्र. देसाईगंज हे गाव तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. आता ते गडचिरोलीत येते. चौदा ते सोळा वर्षांची, आईबापांवाचून वाढलेली एक आदिवासी मुलगी मोलमजुरी करून भावाजवळ राही. तिच्यावरून भावाने पोलिसांत तक्रार दिली होती, म्हणून जबाब देण्यासाठी तिला ठाण्यावर बोलावले. जबाब झाले, रात्रीचे साडेदहा वाजले, मंडळी जावयास निघाली; तिला मात्र मागे थांबवून ठेवले. बाहेरच्यांना दिवे मालवलेले आणि दार आतून लावलेले दिसले. ती बाहेर आली आणि ठाण्यातल्या पोलिसांनी काय केले ते तिने सांगितले, तेव्हा जमलेले लोक खवळले. ते खवळले म्हणूनच तिची फिर्याद कागदावर उतरली. ही गोष्ट कायद्याच्या चर्चेत मागे पडते, पण मला ती मोठी वाटते. अशा वेळी बाईची अब्रू गेली असे आपण म्हणतो. वास्तविक त्या रात्री अब्रू गेली ती ठाण्याची!

पुढे खटला तीन न्यायालयांतून गेला. १९७४ साली सत्र न्यायालयाने दोघाही पोलिसांना सोडले आणि मुलीलाच खोटे ठरविले. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरविला. भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे सांगून एकाला पाच वर्षांची व दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोघांना निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, यावर त्या निकालाचा भर होता.

ही हकीकत मी एकदा मंडळात सांगितली, तेव्हा आमच्यातल्या एक वडीलधाऱ्या काकू चटकन म्हणाल्या, “पण ती ओरडली का नाही?” मी विचारले, “काकू, ज्यांना हाक मारावयाची तेच समोर उभे असले तर कुणाला ओरडावयाचे?” काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. न्यायमूर्तींनाही हेच कुणीतरी विचारावयास हवे होते.

ते विचारावयास एक वर्ष लागले. १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. संमती आणि शरणागती यांत भेद नाही काय? अडाणी, गरीब, अल्पवयीन मुलगी पोलिसांच्या ताब्यात असताना तिच्या गप्प राहण्याचा अर्थ काय घ्यावा? प्रश्न साधेच होते, पण ते देशभर गेले. मुंबईत फोरम अगेन्स्ट रेप ही संघटना उभी राहिली, आणि ८ मार्च १९८० रोजी ठिकठिकाणी बायका मोर्चे घेऊन रस्त्यावर आल्या. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही आपल्याकडची जुनी म्हण. या बायका तर थेट सर्वोच्च न्यायालयाला जाब विचारीत होत्या.

१९८३ साली कायदा बदलला. ताब्यातल्या स्त्रीवर पोलिसाने अत्याचार केल्यास निदान दहा वर्षे शिक्षा ठरली. संबंध आल्याचे सिद्ध झाले आणि आपली संमती नव्हती असे तिने न्यायालयात सांगितले, तर अशा खटल्यांत न्यायालयाने तिचे म्हणणे धरून चालावे. उलट सिद्ध करणे आरोपीकडे. जुन्या वागणुकीवरून बाईला खोटी ठरविण्याची मुभा देणारे कलम मात्र पुढे वीस वर्षे टिकले. ते २००३ मध्ये गेले.

त्याच १९८३ च्या दुरुस्तीने पीडितेचे नाव छापणे हा गुन्हा ठरविला. म्हणून या लेखात तिचे नाव नाही. गंमत अशी, की हा खटला लोकांच्या तोंडी आजही तिच्याच नावाने आहे.

हल्ली अशा लढ्यांवर माहितीपट निघतात. निशा पाहुजा यांचा ‘टू किल अ टायगर’ (२०२२) झारखंडातल्या तेरा वर्षांच्या मुलीचा आणि तिच्या शेतकरी बापाचा आहे. गाव म्हणते, मिटवा, त्यातल्याच एकाशी लग्न लावा. बाप ऐकत नाही, आणि तिघांना शिक्षा होते. ती मुलगी सज्ञान झाल्यावर पडद्यावर दिसावयाचे तिने स्वतः ठरविले.

देसाईगंजच्या मुलीला असे कुणी विचारले नव्हते. कायदा बदलला, तिचा निकाल बदलला नाही. कायद्याच्या पुस्तकांत तो आजही ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या मथळ्याखाली, म्हणजे एका पोलिसाच्याच नावाने, छापलेला आहे.