कॅसेटीतला दुरंगी सामना: आपल्या आवाजाचा इतिहास कोण जपणार?

पुण्या-मुंबईतल्या एखाद्या रसिकाने पन्नास वर्षांपूर्वी कुणा बुवांची घरगुती मैफल स्पूलवर उतरवून ठेवली असेल, तर तिला ‘दुर्मीळ खासगी ध्वनिमुद्रण’ म्हणतात. तिच्यावर लेख येतात, ती ऐकायला निवडक मंडळी जमतात. आमच्या बौद्धवाडीत १४ एप्रिलच्या रात्री एखाद्या पोराने मंडपवाल्याच्या अॅम्प्लिफायरला टेपरेकॉर्डर जोडून भीमगीतांचा सामना उतरवला, तर ती ‘लोकल कॅसेट’. घर रंगवायला काढलं की भंगारात. दोघांनी केलं एकच. मग एक वारसा आणि दुसरा कचरा हे ठरवलं कुणी?

जगात या उद्योगाला बूटलेग म्हणतात. परवानगी न घेता, प्रेक्षकांत बसून किंवा मंचामागून उतरवलेला कार्यक्रम. अमेरिका-युरोपात रॉक संगीताच्या अशा टेपा जमवणारे आणि दुरुस्त करणारे लोक आयुष्य घालवतात. बॉब डिलनचा १७ मे १९६६ चा मँचेस्टरचा कार्यक्रम वर्षानुवर्षं चोरट्या तबकडीवर ‘रॉयल अल्बर्ट हॉल’ अशा चुकीच्या नावाने फिरत होता. कंपनीने तो अधिकृतपणे काढला १९९८ साली, म्हणजे ३२ वर्षांनी. त्यात एक श्रोता डिलनला ‘जूडास’, म्हणजे गद्दार, असं ओरडून म्हणतो. लोकगीतांची साथ सोडून त्याने इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली याचा तो राग होता. आज त्या एका ओरडण्यावर पुस्तकं लिहिली जातात. ग्रेटफुल डेड नावाच्या बँडने तर टेप करणाऱ्यांना १९८४ पासून प्रेक्षागृहात वेगळी जागाच दिली. गोऱ्यांच्या नाचगाण्याचं आपल्याला काय, असं कुणी म्हणेल. पण तिथे श्रोत्याचा आवाजही इतिहास ठरला, एवढं लक्षात घ्या.

आता आपल्याकडे या. म्हसा आणि मुरबाड-शहापूरचा हा पट्टा. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. गुरांचा बाजार, घोंगड्या, तमाशाचे तंबू आणि नवसाचा गळ. (गळाशी आपला संबंध १९५६ सालीच संपला, बाजाराशी संपला नाही.) माझ्या लहानपणी यात्रेत कॅसेटवाले बसायचे. एकाच पाटावर म्हसोबाची गाणी, प्रल्हाद शिंदेंची भक्तिगीतं, प्रल्हाद शिंदेंचीच भीमगीतं आणि बाजूला कोऱ्या कॅसेटींची चळत. छापील कॅसेट ऐकण्यासाठी, कोरी भरण्यासाठी. मला बोलायचं आहे ते या भरलेल्या कॅसेटींबद्दल.

जयंतीला कल्याण-उल्हासनगरकडून गायन पार्ट्या यायच्या. पत्रकावर ‘दुरंगी सामना’ असायचं. दोन पार्ट्या आमनेसामने, पेटी, ढोलक, बेंजो, मागे कोरस आणि रात्रभर सवाल-जबाब. एका बाजूने बाबासाहेबांच्या चरित्रातला प्रसंग टाकायचा, दुसरीने त्याच चालीत उत्तर बांधायचं. मध्येच दहा रुपयांचं बक्षीस, ते देणाऱ्याचं नाव, गाव, कुणाच्या स्मरणार्थ. त्यातल्या बऱ्याच ओळी तिथेच जुळायच्या आणि सकाळी विरून जायच्या. कंपनीच्या स्टुडिओत गाणं पाच-सहा मिनिटांत बसवायला लागतं, त्यामुळे सवाल जातो, बक्षीस जातं, टोमणा जातो. शिवाय ज्या ओळीने कुणी दुखावेल ती विक्रीसाठी आधीच गाळली जाते. म्हणून छापील कॅसेट हा चळवळीच्या मंचाचा पुरावा मानता येत नाही. मंच कसा होता ते फक्त भरलेली कॅसेट सांगते.

आणि तो मंच आता उभाही राहत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद झाला. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, म्हातारी माणसं आणि लेकरं आपल्याही वस्तीत असतात. पण पहाटेपर्यंत चालणारा सामना हा कलाप्रकार त्याने संपला, हेही खरं. आजच्या विशीतल्या पोराला जयंती म्हणजे डीजेच माहीत असेल, तर त्यात त्याचा काय दोष?

आपण अक्षरपूजक झालो आहोत, हा माझा आक्षेप आहे. बाबासाहेबांचं लिखाण आणि भाषणं यांचे खंड राज्य सरकारने १९७९ पासून काढले, त्यामागे वसंत मून यांची तपश्चर्या होती. छपाई रखडली तेव्हा २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. हे सगळं हवंच. पण ज्या मायबापांना ते खंड वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत बाबासाहेब गाण्यातून पोचले. १९३० च्या दशकातले भीमराव कर्डकांचे जलसे आज आपण पुस्तकात वाचतो. तेव्हा आपल्या हातात यंत्र नव्हतं. १९८०-९० च्या दशकांत ते होतं, आणि आपल्या माणसांनी ते वापरलं. बीडच्या माजलगावातल्या भीमनगरात बायांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पाने १९९६ साली ध्वनिमुद्रित केल्या, म्हणून आज त्या बायांच्या आवाजात ऐकू येतात. विलास घोगरे यांनी रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर चार दिवसांनी, १५ जुलै १९९७ ला, जीव दिला. त्यांचा आवाज आनंद पटवर्धन यांच्या कॅमेऱ्यात होता, म्हणून ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये तो पुढच्या पिढीला भेटला. ज्यांच्याकडे कॅमेरेवाला गेलाच नाही त्या गायकांचं काय? ते असलेच तर कुणाच्या तरी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहेत.

कामानिमित्त वाड्या-पाड्यांत फिरताना मी या पेट्या उघडायला लागलो. कॅसेटीवर लिहिलेलं असतं ‘जयंती, पार्टी नं. २’. साल नाही, गाव नाही. मग साल आतून काढावं लागतं. विद्यापीठाच्या नामांतराची मागणी गाण्यात असेल तर कार्यक्रम विधिमंडळाच्या २७ जुलै १९७८ च्या ठरावानंतरचा आणि १४ जानेवारी १९९४ च्या आधीचा असण्याची शक्यता मोठी. ‘रिडल्स’वरून टोला असेल तर १९८७-८८ च्या आसपास. रमाबाई नगरचा उल्लेख असेल तर १९९७ नंतर. बक्षिसाच्या घोषणेत सरपंचाचं नाव आलं की ग्रामपंचायतीच्या दप्तरातून आणखी नेमकं होतं. म्हणून सांगतो, घोषणा कापू नका. गाण्याचा जन्मदाखला तिच्यातच असतो.

दुरुस्तीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण उत्साहात नुकसान होतं. आपल्याकडच्या पावसात टेपेवर पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट थेट प्लेअरमध्ये घातली की बुरशी हेडवर जाते आणि पुढच्या दहा कॅसेटी खराब करते. आधी नाकातोंडाला मास्क, मग पेन्सिलीने हाताने फिरवून टेप मोकळी होते का ते पाहायचं. आतली नमद्याची गादी गळाली असेल तर हेडवर दाब बसत नाही आणि आवाज पुसट येतो. पुष्कळ लोक याला ‘कॅसेट मेली’ समजून फेकतात. स्क्रूवाल्या चांगल्या कवचात टेप बदलली की ती बोलू लागते. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. हेडशेजारचा बारीक स्क्रू आवाज सर्वांत खुलेल तिथपर्यंत फिरवायचा, कारण भरणाऱ्या यंत्राचं हेड किंचित तिरकं असू शकतं.

वेगाची भानगड वेगळी. सेल उतरत आले असताना भरलेली कॅसेट आज लावली तर शेवटाकडे गायकाचा आवाज चिरका आणि भरभर होत जातो. पण गुणगुणणारी वीज इथे मदतीला येते. आपल्या विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ. अॅम्प्लिफायरची ती घरघर टेपेत उतरलेली असते. संगणकावर ती ५२ दिसली, तर वेग त्या प्रमाणात कमी करायचा. कार्यक्रम जनरेटरवर झाला असेल तर घरघरीवर भरवसा ठेवू नका, पेटीचा सूर पकडा. पेटीची पट्टी रात्रीतून बदलत नाही.

फोन स्पीकरसमोर धरून भरू नका. वायर जोडून, डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. साठ मिनिटांची कॅसेट साधारण एक जीबी होते. ही मूळ फाइल कधीही ‘साफ’ करायची नाही, सफाई करायची ती प्रतीवर. आवाज काढून टाकणारी सॉफ्टवेअर घरघरीसोबत टाळ्या, बायकांच्या बाजूने आलेला ‘जयभीम’, रडणारं पोर, सगळं खाऊन टाकतात. उरतं ते स्टुडिओसारखं गुळगुळीत. सवाल ऐकू येतो आणि तीस मिनिटं संपल्यामुळे कॅसेट पलटेपर्यंत जबाबाची सुरुवात गेलेली असते, तीही तशीच राहू द्या. ती जागा जोडून भरलीत तर इतिहास खोटा कराल.

हक्कांचा प्रश्न टाळून चालणार नाही. आपल्याच वस्तीतले काही जण हे आवाज उचलून खाली डीजेचा ठोका लावतात, चॅनलवर टाकतात आणि पैसे स्वतः घेतात. कॉपीराइट कायद्याने १९९४ पासून कलावंताला त्याच्या सादरीकरणावर हक्क दिला आहे, तो पन्नास वर्षं टिकतो. कलम ३९ प्रमाणे स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा खऱ्याखुऱ्या संशोधनासाठी सादरीकरण मुद्रित केलं तर त्या हक्काचा भंग होत नाही. म्हणजे जयंतीत टेप लावून बसलेला पोरगा चोर नव्हता. त्याची टेप विकणारा मात्र कलावंताच्या घरी जाऊन विचारून आलेला असला पाहिजे. कवीचा हक्क आणखी वेगळा, तो मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. वामनदादा कर्डक १५ मे २००४ ला गेले. त्यांचे शब्द २०६४ पर्यंत फुकटचे नाहीत.

वामनदादा गाण्याच्या शेवटी आपलं नाव गुंफायचे. गाणं लांबलं म्हणून शेवटचं कडवं गाळलं की कवी गेला, आणि खाली ‘पारंपरिक’ असं लिहायला वाट मोकळी झाली. भरलेल्या कॅसेटीत कडवं बहुधा शाबूत असतं, कारण तिथे कुणी घड्याळ लावून बसलेलं नव्हतं. तेव्हा कॅसेट सापडली की सर्वांत आधी मागच्या कडेच्या दोन प्लास्टिकच्या चकत्या तोडलेल्या आहेत का बघा. नसतील तर तोडा, म्हणजे चुकून वर दुसरं काही भरलं जाणार नाही. चिकटपट्टी लावून वर लग्नातली गाणी भरलेल्या कॅसेटी मी बऱ्याच पाहिल्या. ज्या घरातून आणली त्या घरचं नाव, गाव, तारीख वहीत लिहा, आणि काम झाल्यावर कॅसेट व तिची प्रत पेनड्राइव्हवर त्याच घरी नेऊन द्या.