मागावरून उतरलेली मोटार

ताप्तीकाठचे बऱ्हाणपूर आपल्याला माहीत असते ते इतिहासाच्या पुस्तकातून. १६३१ साली मुमताजमहल इथेच वारली आणि ताजमहाल व्हायच्या आधी तिचा देह काही महिने पलीकडच्या काठावर जैनाबादला विसावला होता. मिर्झा राजे जयसिंह १६६७ मध्ये इथेच गेले. १६८१ साली मराठ्यांच्या फौजांनी शहराबाहेरचे बहादूरपुरा लुटले आणि १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर हे शहरच पेशव्यांकडे आले. असे हे गाव! त्याच्याविषयी लिहायचे तर किल्ला, कुंडी भंडारा आणि असीरगड यांवर लिहावे, अशीच कोणाचीही अपेक्षा असणार. पण आज मला लिहायचे आहे ते तिथल्या रस्त्यांवर धावणाऱ्या जपानी मोटारींविषयी. वाचकहो, विषय भलताच वाटेल, पण थोडे थांबा. या मोटारींचे आणि बऱ्हाणपूरचे गोत्र एकच आहे.

बऱ्हाणपूर हे पूर्वापार विणकरांचे गाव. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए इथून गेला, तेव्हा इथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंडपर्यंत जाते, असे त्याने नोंदवून ठेवले. मोगल गेले, पेशवे गेले, शिंदे गेले, इंग्रजही गेले. माग मात्र राहिले. आधी हातमाग, मग लालबागेतली ताप्ती मिल, मग गल्लीगल्लीत यंत्रमाग. आजही जुन्या वस्तीतून चालताना तो 'खटाखट खटाखट' आवाज भिंतीतून ऐकू येतो. नवख्याला तो गोंगाट वाटतो. तिथल्या माणसाला मात्र तो आवाज थांबला की दचकायला होते.

आता थोडे लांब जाऊ. जपानच्या शिझुओका प्रांतात हमामात्सु नावाचे गाव आहे. तेही कापसाचे आणि विणकरांचे. तिथल्या एका कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा मिचिओ सुझुकी (जन्म १८८७) सुतारकाम शिकला. त्याने पहिला माग केला तो आपल्या आईसाठी, असे सांगतात. १९०९ साली त्याने मागांचा कारखाना काढला आणि १९२० मध्ये त्याची कंपनी झाली. पट्ट्यापट्ट्यांचे, चौकटीचे कापड विणायचे म्हणजे वेगवेगळ्या रंगांचे धोटे आळीपाळीने फिरवावे लागतात. सुझुकीच्या मागांचे कसब नेमके तेच होते. आग्नेय आशियात लोक सारोंग नेसतात, त्याच्या कापडासाठी हे माग तिकडे जाऊ लागले.

धंदा उत्तम चालला होता. पण मिचिओच्या डोक्यात एक व्यवहारी प्रश्न होता. चांगला माग वर्षानुवर्षे मोडत नाही, मग तोच गिऱ्हाईक परत कशाला येईल? म्हणून १९३७ च्या सुमारास त्याने विलायतेची छोटी ऑस्टिन सेव्हन मोटार आणून तिचा अभ्यास केला आणि स्वतःची छोटी मोटार करून पाहिली. महायुद्ध आले आणि ते काम थांबले. १९५१ मध्ये कापसाचा बाजार कोसळला आणि मागांना कोणी विचारेनासे झाले. तेव्हा १९५२ मध्ये कंपनीने सायकलला बसवायचे ३६ सीसीचे इंजिन बाजारात आणले, १९५४ मध्ये नाव बदलून 'सुझुकी मोटर' केले आणि १९५५ मध्ये 'सुझुलाइट' ही चिमुकली मोटार काढली. सुताराचा माग अशा रीतीने रस्त्यावर उतरला.

आणि गंमत म्हणजे सुझुकी एकटा नव्हे! टोयोटाचे मूळही मागातच. साकिची टोयोडा हा तर सुताराचा मुलगा. १९२४ साली पूर्णत्वाला गेलेला त्याचा स्वयंचलित माग न थांबता धोटा बदलायचा आणि धागा तुटला की आपोआप थांबायचा. 'चूक झाली की यंत्राने स्वतःच थांबावे' हे तत्त्व पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यांचा मूलमंत्र बनले. त्या मागाचे हक्क १९२९ मध्ये ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने एक लाख पौंडांना घेतले. ज्या लँकेशायरने साऱ्या जगाला माग विकले, त्यानेच जपानी माग विकत घ्यावा, हा काळाचा महिमा! साकिचीचा मुलगा किइचिरो याने १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी केली.

हे टोयोटावाले आपल्याकडे आले तेसुद्धा आधी मोटार घेऊन नव्हे. १९९५ मध्ये 'किर्लोस्कर टोयोडा टेक्स्टाइल मशिनरी' ही सूतकताईची यंत्रे करणारी कंपनी निघाली आणि मोटारींची 'टोयोटा किर्लोस्कर' त्यानंतर, १९९७ मध्ये. गोव्याच्या वाचकाला यात आणखी जवळचे काही सापडेल. चोर्ला घाट चढून बेळगावला गेले की लक्ष्मणराव किर्लोस्करांचे गाव लागते. १८८८ साली त्यांनी तिथे सायकलचे दुकान काढले होते. पुढे लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. म्हणजे इकडून सायकल आणि नांगर, तिकडून माग, आणि दोहोंच्या भेटीतून २००० साली क्वालिस, २००५ साली इनोव्हा.

सुझुकीची भारतातली कथा तर प्रसिद्धच आहे. १९७१ साली संजय गांधींनी काढलेली मारुती कंपनी मोटार न करताच बुडाली. १९८१ मध्ये सरकारने मारुती उद्योग उभा केला आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला. त्या वेळी आपल्याकडे मोटार म्हणजे अँबॅसॅडर नाहीतर पद्मिनी, आणि तीही वर्षानुवर्षे नंबर लावून. मारुतीसाठी दहा हजार रुपये अनामत भरून लाखाहून अधिक लोकांनी नोंदणी केली. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती पहिल्या गाडीची किल्ली दिली. ७९६ सीसीचे इंजिन, तीन सिलिंडर आणि किंमत पन्नास हजारांच्या आत! पाठोपाठ १९८४ मध्ये व्हॅन आली, जिला पुढे 'ओम्नी' म्हणू लागले. आमच्या गोव्यात पर्यटकांची टॅक्सी म्हणून हीच व्हॅन किनाऱ्याकिनाऱ्याला उभी असायची. १९६१ पूर्वीच्या विलायती मोटारींचे कौतुक सांगणारी आमची वडीलधारी मंडळी तिला 'पावाचा डबा' म्हणून हसायची आणि बसायची मात्र तिच्यातच!

बऱ्हाणपुरात ही मारुती पोचली ती मागवाल्यांच्या, केळीवाल्यांच्या आणि डॉक्टरांच्या घरी. तिथल्या जुन्या गाड्यांवर अजूनही 'एमपी १२' हा खंडव्याचा नंबर दिसतो, कारण २००३ पर्यंत बऱ्हाणपूर खंडवा जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा झाल्यावर 'एमपी ६८' आला. गावाचा अलीकडचा इतिहास असा गाडीच्या पाटीवर वाचता येतो.

एका वयस्क यंत्रमागवाल्या चाचांशी माझे बोलणे झाले. त्यांच्याकडे 'एमपी १२' वाली पांढरी मारुती ८०० होती. घेतली तीही दुसऱ्याच्या हातची. कार्बोरेटर, प्लग, क्लचची तार, सगळे ते स्वतः बघायचे. "लूम काय आणि इंजिन काय, आवाज बदलला की समजायचं कुठेतरी ढिलं झालंय," ते म्हणाले. मी त्यांना सांगितले, की ही गाडी करणारा माणूस मुळात माग करणारा होता. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि मग मोठ्याने हसले, "म्हणजे आपल्याच बिरादरीचा निघाला की!"

ओम्नीच्या मालकांचा अनुभव आणखी मजेशीर. मागची सीट काढून ठेवायची, की कापडाची थाने बसतात. सीट लावली, की शाळेची मुले. आणि लग्नसराईत वऱ्हाड. इच्छापूरकडचा एक केळी बागायतदार त्याच्या खानदेशी वळणाच्या मराठीत म्हणाला, "भाऊ, ती गाडी नव्हती, घरचा बैल होता. काही म्हणायचा नाही." तो भाग भुसावळ-रावेरला लागून असल्याने रोजचा व्यवहार दोन्ही राज्यांत चालतो. गॅरेज, सुटे भाग, सोयरीक यांना सीमा ठाऊक नाही. दर्गाह-ए-हकिमीला देशोदेशीचे बोहरा भाविक येतात. त्यांना स्टेशनवरून, इंदूरहून ने-आण करणारे चालक क्वालिस आणि इनोव्हाबद्दल असे बोलतात, जसे आपण एखाद्या न थकणाऱ्या काकांबद्दल बोलतो. किती लाख किलोमीटर झाले, हे ते मुलाच्या मार्कांसारखे सांगतात.

पण मालकांच्या सगळ्याच आठवणी गोड नाहीत. २००० च्या सुमारास कार्बोरेटर जाऊन इंधन फवारणारी इंजिने आली आणि गल्लीतल्या मिस्त्रीचा कान निकामी झाला. आता दोष शोधायचा तो संगणक लावून. हलक्या गाडीचे दुसरे अंगही होते. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत अल्टो ८०० आणि स्विफ्ट यांच्या साध्या आवृत्त्यांना एकही तारा मिळाला नाही. त्याच वर्षी जानेवारीत मारुती ८०० चे उत्पादन थांबले, आणि ओम्नी थांबली २०१९ मध्ये, सुरक्षेचे नवे नियम आले तेव्हा. २०२४ मध्ये नव्या डिझायरला पाच तारे मिळाले खरे, पण स्वस्त गाडीत बसलेल्याचा जीवही स्वस्त धरला जात होता, ही गोष्ट आपण फार उशिरा बोलायला लागलो.

आता मुख्य प्रश्न. हमामात्सुच्या मागातून मोटार निघाली, मग चारशे वर्षे कापड विणणाऱ्या बऱ्हाणपूरच्या मागातून का नाही?

'आपल्याकडे बुद्धी नव्हती' हे सोपे उत्तर मला मान्य नाही. चाचांचा कान आणि मिचिओ सुझुकीचा कान यांत मला फरक दिसत नाही. फरक आहे तो दोघे मागाच्या कुठल्या बाजूला उभे होते यात. सुझुकी माग घडवायचा, आपला विणकर माग चालवायचा. माग घडवणाऱ्याकडे ओतशाळा असते, लेथ असते, नकाशा काढणारा माणूस असतो. कापसाचा बाजार बसला तरी ही हत्यारे दुसरे काही घडवू शकतात. माग चालवणाऱ्याचा बाजार बसला, की त्याच्याजवळ उरतो फक्त माग. आपल्या यंत्रमागाच्या गावांत, मग ते मालेगाव असो, भिवंडी असो की बऱ्हाणपूर, माग आले ते बरेचदा गिरण्यांनी मोडीत काढलेले. ते दुरुस्त करून चालवण्यात आपण जगात कोणाला हार जाणार नाही. पण दुरुस्तीच्या कसबाला भांडवल मिळाले नाही, कारखाना मिळाला नाही, आणि प्रतिष्ठा तर नाहीच नाही. ज्या हातांनी कापड विणले त्यांना आपण 'कारागीर' म्हटले, 'अभियंता' कधी म्हटले नाही.

दुसरे म्हणजे, जपानी कंपन्या निव्वळ हिकमतीवर मोठ्या झाल्या हीसुद्धा अर्धीच गोष्ट. १९३६ मध्ये जपान सरकारने कायदा करून फोर्ड आणि जनरल मोटर्सची वाट रोखली. युद्धानंतर छोट्या मोटारींचा वेगळा वर्ग करून त्यांना सवलती दिल्या. आणि त्याच सुझुकीला भारतात पाय रोवता आले तेही सरकारच भागीदार होते म्हणून. २००७ मध्ये सरकार पूर्ण बाहेर पडले आणि 'मारुती सुझुकी' हे नाव आले. सरकारचा हात पाठीवर असेल तर सुतार कुठवर जातो, हे दोन्ही देशांत दिसले. बऱ्हाणपूरच्या विणकराच्या पाठीवर असा हात कोणी, कधी ठेवला?

सुझुकीने १९६१ मध्ये मागांचे काम वेगळ्या कंपनीकडे दिले. टोयोटा समूहात मात्र आजही माग तयार होतात, हवेच्या झोताने धागा फेकणारे, धोट्याशिवायचे. धोट्याच्या यंत्रमागाला त्यांच्या वेगाशी स्पर्धा करणे अवघड. चाचांनी आपले काही माग भंगारात दिले, वजनावर. त्यांचा धाकटा मुलगा आता प्रवासी गाडी चालवतो, तीही सुझुकीची. विणकराचे घर मागावरून उतरून मोटारीत बसले, पण ते स्टीअरिंगवर. कारखान्याची किल्ली काही त्याच्या हाती आली नाही.

मारुतीच्या तीन कोटी गाड्या २०२४ पर्यंत तयार झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये ओसामु सुझुकी वारले आणि पुढच्याच महिन्यात भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केले. ते योग्यच झाले. सुझुकी घराण्यात जावई म्हणून आलेल्या या माणसाने भारतावर पैज लावली, आणि आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरासमोर पहिली मोटार त्यामुळेच उभी राहिली. पण बऱ्हाणपूरला गेलात, तर ताजमहालाच्या आधीची मुमताजची जागा पाहून लगेच परतू नका. जुन्या वस्तीत, जिथे अजून खटाखट ऐकू येते, तिथे थोडे थांबा. ज्या आवाजातून जगातल्या दोन मोठ्या मोटार कंपन्या जन्मल्या, तो आवाज इथे अजून जिवंत आहे. किती दिवस राहील, ते त्या यंत्राइतकेच आपल्यावरही अवलंबून आहे.