कारखान्याची बाजू कोणी मांडावी: चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील जनसंपर्काचा इतिहास

समाजमाध्यमांवर आपली बाजू स्वतः मांडावी की त्यासाठी मोबदला देऊन जनसंपर्क संस्था नेमावी, हा प्रश्न आज लहानमोठ्या प्रत्येक उद्योगापुढे असला, तरी चिकलठाण्यासारख्या औद्योगिक वसाहतीत तो समाजमाध्यमांच्या बराच आधीपासून वेगवेगळ्या रूपांत उभा राहिला आहे. जाहिरात आणि जनसंपर्क यांतील भेद येथे आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. जाहिरातीत जागा विकत घेतली जाते आणि तिच्यात काय छापायचे हे पैसे देणाराच ठरवतो. जनसंपर्कात मात्र माहिती पत्रकारापर्यंत किंवा लोकांपर्यंत पोहोचवली जाते आणि तिची बातमी होईल की नाही, झाल्यास कोणत्या सुरात होईल, हे दुसऱ्याच्या हाती राहते.

महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ साली संमत झाला, पुढच्या वर्षी महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतर औरंगाबादेत रेल्वे स्थानकाजवळ व जालना रस्त्यावर चिकलठाणा येथे कारखान्यांसाठी भूखंड पाडले गेले. तेथे जी लघुउद्योगांची वस्ती वाढली, तिच्यातील अनेकांचा माल दुकानात जात नसून दुसऱ्या कारखान्यात जात होता. १९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा प्रकल्प सुरू झाल्यावर सुटे भाग पुरवणाऱ्यांचा हा वर्ग अधिकच विस्तारला. अशा पुरवठादाराला ज्याचे मन वळवायचे तो माणूस मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात बसलेला असे, आणि त्याच्यापुढे वेळेवर आलेला निर्दोष माल हीच ओळख असल्याने वर्तमानपत्रातील प्रसिद्धीचा त्याला फारसा उपयोग नव्हता. वीज, पाणी, रस्ते यांबाबतचे गाऱ्हाणे सरकारपर्यंत न्यायचे झाल्यास ते काम उद्योजकांच्या संघटना, म्हणजे ‘सीएमआयए’ आणि ‘मसिआ’, करीत. एकट्या कारखानदाराला जे परवडले नसते ते संघटनेच्या एका पत्रकाने साधे, आणि ‘मराठवाडा’ किंवा १९८२ पासून औरंगाबादेतून निघू लागलेले ‘लोकमत’ यांसारख्या स्थानिक दैनिकांमुळे त्या पत्रकाला वाचकही मिळे.

व्यवसाय म्हणून जनसंपर्काचा उगम अमेरिकेत शोधला जातो. पेनसिल्व्हेनियातील कोळसा खाणींच्या तंट्यात मालकांची बाजू मांडणाऱ्या आयव्ही ली याने १९०६ साली वृत्तपत्रांना एक निवेदन पाठवले, ज्यात आपले काम उघडपणे चालते, माहिती कोणाच्या वतीने दिली जात आहे हे लपवले जात नाही आणि ती जाहिरात नव्हे, असे त्याने सांगितले. भारतात पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९५८ साली स्थापन झाली. परंतु शुल्क घेऊन अनेक ग्राहकांचे काम करणाऱ्या मोठ्या सल्लागार संस्था उदारीकरणानंतर, १९९० च्या दशकात, मुंबई-दिल्लीत वाढल्या.

औरंगाबादच्या प्रसिद्धीच्या इतिहासातील सर्वांत बोलका प्रसंग २०१० सालचा आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये शहरातील उद्योजक, डॉक्टर व अन्य व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज मोटारी एकाच व्यवहारात घेतल्या, आणि शहराकडे गुंतवणूकदारांचे लक्ष वेधणे हा त्यामागील एक घोषित हेतू होता. युक्ती म्हणून ती अस्सल होती, कारण जाहिरातीवर स्वतंत्र खर्च न करता शहराचे नाव देशभरातील वृत्तपत्रांत झळकले. परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरात पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये या व्यवहाराची दुसरी बाजू लिहिली: मोटारींच्या किमतीचा सुमारे दोन तृतीयांश भाग स्टेट बँकेच्या कर्जातून आला होता आणि त्याचा व्याजदर सात टक्के होता, तर याच भागातील शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी बारा टक्के मोजावे लागत होते. बातमी घडवून आणणाऱ्यांनी तिच्या पहिल्या वाचनाचा विचार केला होता, दुसऱ्याचा नव्हे. आणि दुष्काळी मराठवाड्यात ते दुसरे वाचन होणार हे ओळखण्यासाठी मुंबईच्या सल्लागाराची गरज नव्हती, जालना रस्त्यावरून शहराबाहेर पडणे पुरेसे होते.

तीन वर्षांनी चिकलठाण्याचे नाव वेगळ्या कारणाने जगभर गेले. नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वोखार्ट कंपनीच्या चिकलठाणा येथील कारखान्याबाबत आयात इशारा जारी केला, म्हणजे तेथून आलेला माल प्रत्यक्ष तपासणीशिवायही बंदरावर अडवण्याची मुभा घेतली. त्याच कंपनीच्या वाळूज प्रकल्पावर असा इशारा मे महिन्यातच आला होता. येथे प्रश्न प्रसिद्धीचा नसून उत्तरदायित्वाचा होता. भागधारक, परदेशी नियामक, डॉक्टर आणि कामगार यांना एकाच वेळी, परस्परविसंगत न होईल असे सांगावे लागते, आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला तर महत्त्वाची घटना बाजाराला कळवणे बंधनकारकच असते. अशा कंपनीला अनुभवी सल्लागार लागतो, हे मान्य करण्यास हरकत नाही. मात्र उत्पादनातील दोषाचे निवारण कारखान्यातच करावे लागते.

या पार्श्वभूमीवर समाजमाध्यमांसाठी संस्था नेमण्याचा निर्णय पाहिला, तर तो खर्चाच्या अंदाजापत्रकापेक्षा ग्राहकाच्या स्वरूपावर अधिक अवलंबून असल्याचे दिसते. एकदोन मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्याने दरमहा ठरावीक शुल्क देऊन फेसबुक पानावर सणांच्या शुभेच्छा टाकून घेणे हा निव्वळ अपव्यय होय. त्याला नवा ग्राहक हवा असल्यास यंत्राची क्षमता, मापांतील अचूकता आणि गुणवत्ता प्रमाणपत्रे नीट मांडणारे एखादे पान पुरते, आणि ते लिहिण्यास त्याचा स्वतःचा अभियंता अधिक योग्य असतो. थेट घराघरांत माल विकणाऱ्याची स्थिती निराळी आहे, कारण तक्रार आता चारचौघांत येते आणि तिला रात्रीही उत्तर द्यावे लागते. तेथे बाहेरची मदत घेता येते, परंतु तक्रारीची शहानिशा आणि भरपाईचा अधिकार कारखान्यातील माणसाकडे नसेल, तर संस्थेकडून केवळ सौजन्यपूर्ण दिलगिरी मिळते. प्रभावकांकडून, म्हणजे समाजमाध्यमांवर मोठा अनुयायीवर्ग असलेल्या व्यक्तींकडून, पैसे देऊन शिफारस करवून घेणाऱ्यांसाठी भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली असून, मोबदला दिलेला मजकूर जाहिरात असल्याचे तेथेच स्पष्ट नमूद करणे त्यांनुसार अपेक्षित आहे. संस्थेशी करार करताना ही नोंद कोण करणार आणि खात्याचे पासवर्ड करार संपल्यावर कोणाकडे राहणार, ही दोन कलमे शुल्काच्या आकड्याआधी वाचली जाणे इष्ट ठरते.